साळुंकी परकी होते तेव्हा

मागच्या पावसाळ्यातली गोष्ट. रविवारी सकाळी शेजारचा नातू दोन्ही हातांत प्लास्टिकचा टब धरून आमच्या दारात उभा राहिला. मागे त्याची आजी. टबात एक कासव होतं. तीन वर्षांपूर्वी वाढदिवसाला कुणीतरी ते त्याला आणून दिलं, तेव्हा ते जुन्या रुपयाएवढं होतं. आता चांगलं बशीएवढं झालेलं. डोळ्यांच्या मागे दोन्ही बाजूंना कुंकवाचं बोट ओढावं तसा लाल पट्टा.

‘चाचा, याला फुटाळ्यात सोडून देऊ का? घरात याला करमत नाही.’

आजी म्हणाली, ‘भाऊ, तुम्हीच सांगा याला. सोडलं तर पुण्यच लागेल ना?’

मी कवी माणूस. बी.ए. झालो, चार अक्षरं लिहिली, पिंजऱ्यातल्या पोपटावरही कविता केली. कुणी प्राणी सोडतो म्हणाला, तर माझ्या तोंडून ‘सोड बाबा’ हेच यायला हवं. पण मी म्हणालो, ‘थांब. आत ये. आधी चहा होऊ दे.’

का थांबवलं, ते आज तुम्हांला सांगणार आहे. त्यासाठी मला तुम्हांला धरमपेठेतून थेट हिंदी महासागरातल्या मॉरिशस बेटावर न्यावं लागेल. मी तिथं गेलेलो नाही. पण आपल्या अंगणातली एक ओळखीची बाई तिथं गेलेली आहे. तिच्यामागून आपणही जाऊ.

त्याआधी एक कबुली. या विषयाकडे मी पक्ष्यांच्या प्रेमानं वळलो नाही. काही वर्षांपूर्वी शहरातल्या एका सभागृहात बाहेरून आलेल्या वनस्पतींवर व्याख्यान होतं. वक्ते अभ्यासू होते. गाजर गवत, घाणेरी, जलपर्णी यांच्याबद्दल ते सांगत होते, ‘बाहेरून येतात, भराभर वाढतात आणि इथल्यांची जागा बळकावतात.’ मागच्या रांगेतून कुणीतरी म्हणालं, ‘हे फक्त झाडांचंच नाही, साहेब!’ थोडं हसू झालं. वक्त्यांच्या कानावर ते गेलं नसावं. माझ्या शेजारी बसलेल्या गृहस्थांनी माझ्याकडे पाहिलं आणि पटकन मान वळवली. चांगले गृहस्थ होते ते. संकोच त्यांनाच झाला.

मी घरी आलो. पत्नीनं विचारलं, ‘कसं झालं व्याख्यान?’ म्हटलं, ‘छान झालं.’

त्या रात्री मला वाटलं, हे परकं-आपलं करणारं शास्त्रच खोटं असावं. झाडाला कुठला आलाय देश? पाखराला कुठली आली सरहद्द? यावर कविताही झाली असती. पण अर्धवट माहितीवर कविता करू नये, एवढं वय झाल्यावर कळतं. म्हणून वाचायला बसलो. आणि वाचता वाचता कविता राहून गेली. कारण हे शास्त्र खोटं नाही. ते फार खरं आहे, आणि ते सगळ्यांत स्वच्छ दिसतं ते बेटांवर.

गेल्या पाचशे वर्षांत पृथ्वीवरून जे पक्षी कायमचे गेले, त्यांतले दहापैकी नऊ बेटांवरचे होते. बेटावर असं काय असतं? खरं म्हणजे, काय नसतं ते पाहायला हवं. मॉरिशस हे समुद्राच्या पोटातून लाव्हा वर येऊन तयार झालेलं बेट. ते कुठल्याच खंडाला कधी जोडलेलं नव्हतं. चालत कुणी तिथं पोचू शकत नव्हतं. उडत आले ते पक्षी आणि वटवाघळं. वाहत आले ते सरडे, कासवं. वाघ नाही, कोल्हा नाही, मुंगूस नाही, साधा उंदीरही नाही. लाखो वर्षं अशी गेली. जिथं मागून झडप घालणारं कुणी नाही, तिथं भीती कशाला बाळगायची? उडण्याचे कष्ट तरी कशाला घ्यायचे?

असंच एक कबुतर फार पूर्वी त्या बेटावर पोचलं. त्याच्या पिढ्या जमिनीवर रमल्या, अंगानं वाढल्या आणि पंख नावापुरते उरले. तोच डोडो. होय, डोडो हा कबुतराच्या कुळातला. जिवंत पक्ष्यांमध्ये त्याचा सगळ्यांत जवळचा नातेवाईक म्हणजे आपल्या निकोबार बेटांवरचं निकोबारी कबुतर, हे २००२ साली जनुकांच्या तपासणीतून कळलं.

१५९८ साली डच खलाशी मॉरिशसला उतरले. पुस्तकांत आपण वाचतो की खलाश्यांनी डोडो मारून खाल्ले. काही खाल्लेही असतील. पण बंदुकीपेक्षा मोठा घात केला तो जहाजातून उतरलेल्या जनावरांनी. उंदीर, डुकरं, माकडं, शेळ्या. डोडोचं घरटं जमिनीवर. अंडं लपवायची अक्कल त्याला नव्हती, कारण लाखो वर्षांत कुणी अंडं चोरलंच नव्हतं. डच आल्यानंतर शंभर वर्षं व्हायच्या आत डोडो संपला. तो पाहिल्याची शेवटची विश्वासार्ह नोंद १६६२ सालची आहे.

इथं एक गोष्ट सांगायला मला अभिमान वाटतो. डोडो जिवंत असताना त्याची जी चित्रं निघाली, त्यांतलं एक अत्यंत विश्वासू चित्र आपल्या हिंदुस्थानात काढलं गेलं. जहांगीर बादशहाच्या दरबारी उस्ताद मन्सूर नावाचा चित्रकार होता. पशुपक्ष्यांच्या चित्रांत त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. बादशहानं त्याला ‘नादिर-उल-अस्र’, म्हणजे आपल्या युगाचं नवल, असा किताब दिला होता. १६२५ च्या सुमाराचं ते चित्र मन्सूरचंच मानतात. आज ते रशियात सेंट पीटर्सबर्गला आहे. पीटर मंडी नावाच्या इंग्रज प्रवाशानंही सुरतेला दोन डोडो पाहिल्याचं लिहून ठेवलंय. म्हणजे जगातला तो दुर्मीळ पक्षी सुरतेच्या अंगणात चालला होता आणि एका हिंदी चित्रकारानं त्याच्या चोचीचा बाक, पायांचा रंग जसाच्या तसा टिपला होता. चित्र उरलं. पक्षी गेला.

आता आपल्या ओळखीच्या बाईकडे येतो. ती म्हणजे साळुंकी.

धरमपेठेत सकाळी सहाला जो गलका होतो, त्यात सगळ्यांत वरचा आवाज तिचा. तपकिरी अंग, काळं डोकं, पिवळी चोच, पिवळे पाय, डोळ्यांभोवती पिवळी कड. माझी अम्मी तिला मैना म्हणायची. शेजारच्या काकू साळुंकी म्हणायच्या. अम्मी ओट्यावर भाताची शितं टाकायची आणि काकू पोळीचे तुकडे. साळुंकी दोन्ही ओट्यांवर यायची. मी या दोन नावांमध्येच मोठा झालो. तिचं शास्त्रीय नाव लॅटिन-ग्रीकमधलं आहे. त्याचा अर्थ ‘उदास टोळशिकारी’. उदास कशी काय ते नाव ठेवणाऱ्याला ठाऊक. आमच्या गल्लीत तिच्याइतकं भांडखोर आणि आनंदी कुणी नाही. पण टोळशिकारी हे मात्र शंभर टक्के खरं.

त्याच गुणापायी तिला समुद्र ओलांडावा लागला. अठराव्या शतकात मॉरिशस फ्रेंचांकडे होतं. शेतांवर लाल टोळांचा सुळसुळाट झाला. फ्रेंचांना आठवलं की हिंदुस्थानात टोळ खाणारा एक पक्षी आहे. १७६२ साली त्यांनी इथून साळुंक्या नेल्या. कीड मारायला एका देशातून दुसऱ्या देशात मुद्दाम जीव नेल्याच्या जुन्यात जुन्या उदाहरणांत हे मोजतात. साळुंकीनं काम चोख केलं. टोळ आटोक्यात आले. शंभर वर्षांनी, १८६२ साली, ऑस्ट्रेलियातल्या मेलबर्नलाही तिला किडे खायला म्हणून नेऊन सोडलं.

पण टोळ संपले म्हणून पाहुणी परत जात नाही. तिला भूक असते, संसार असतो. साळुंकी घरटं करते ती भोकात. आपल्याकडे भिंतीतलं भोक, झाडाची ढोली, पंख्याच्या पेटीमागची जागा, काहीही चालतं. इथं तिच्याशी भांडायला पोपट आहे, पिंगळा आहे, वरून शिक्रा आहे, खालून मांजर आणि साप आहेत. सगळे हजारो वर्षांचे भाऊबंद. कुणी कुणाला पार संपवत नाही. मॉरिशसला मात्र ढोल्या थोड्या आणि त्यांचे जुने मालक भांडण न शिकलेले. तिथं एको नावाचा हिरवा पोपट आहे, आपल्या कंठवाल्या पोपटाचाच चुलत भाऊ. साळुंकी त्याच्या ढोलीत शिरते. एवढंच नाही, आपला कंठवाला पोपटही एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी तिथं पोचला आणि रानात सुटला. तोही ढोलीवर हक्क सांगायला हजर.

हळूहळू आपल्या मुलखातले आणखी पाहुणे तिथं गेले. शिपाई बुलबुल गेला. तो खाल्लेल्या फळांच्या बिया पेरत हिंडतो आणि त्यात बाहेरून आलेल्या रानटी झुडपांच्या बियाच जास्त. उंदीर मारायला मुंगूस नेलं. मुंगसानं उंदीर खाल्ले आणि पक्षीही खाल्ले. आणि कवी म्हणून मला सगळ्यांत लागलं ते हे की माधवीलता गेली. संस्कृत काव्यातल्या नायिकांनी जिला पाणी घातलं, ती सुगंधी वेल तिथल्या झाडांवर चढते आणि त्यांना आपल्या भारानं दाबून टाकते.

जागतिक निसर्ग संवर्धन संघानं २००० साली जगातल्या सगळ्यांत उपद्रवी अशा शंभर परक्या जीवांची एक यादी प्रसिद्ध केली. त्यात पक्षी फक्त तीन. एक युरोपातला स्टार्लिंग. उरलेले दोन कोण? आपली साळुंकी आणि आपला लालबुड्या बुलबुल. दोघंही माझ्या गच्चीवरचे! त्या यादीत माधवीलताही आहे. ते वाचून मी खूप वेळ गप्प होतो. आपल्या घरातलं लाडकं माणूस दुसऱ्या गावच्या पोलीस ठाण्यात फोटो लावलेलं दिसावं, तसं वाटलं.

आपल्या देशाच्या बेटांवरही हे घडलेलं आहे. ताडोबात, पेंचमध्ये आपण चितळ पाहायला जातो. तोच चितळ ब्रिटिशांनी अंदमानात नेऊन सोडला. तिथं वाघ नाही, बिबट्या नाही, रानकुत्रा नाही. चितळ वाढत गेला आणि जंगलातली कोवळी रोपं खात सुटला. अंदमानच्या पूर्वेला नारकोंडम नावाचं सात चौरस किलोमीटरचं एक इवलं बेट आहे. नारकोंडमचा धनेश पक्षी फक्त तिथंच राहतो, साऱ्या जगात दुसरीकडे कुठंही नाही. तिथल्या पोलीस चौकीसाठी शेळ्या नेल्या होत्या. शेळ्या मोकाट झाल्या, नवी रोपं उरेनात. धनेशाला तर घरट्यासाठी जुनं, मोठं, ढोलीचं झाड लागतं. आजची रोपंच गेली तर उद्याची झाडं कुठून येणार? पुढे त्या शेळ्या बेटावरून हलवाव्या लागल्या. वेळेवर लक्षात आलं म्हणून धनेश वाचला.

न्यूझीलंडमधल्या एका बेटावर ते वेळेवर लक्षात आलं नाही. १८९४ साली स्टीफन्स बेटावर दीपगृह सुरू झालं आणि माणसांबरोबर मांजर आलं. त्या बेटावर एक चिमुकला पक्षी होता, न उडणारा, उंदरासारखा जमिनीवर पळणारा. मांजरांनी तो वर्ष-दोन वर्षांत संपवला. शास्त्रज्ञांनी त्याला नाव दिलं तेच मांजरानं तोंडात धरून आणलेल्या पक्ष्यांवरून. नाव मिळालं आणि पक्षी गेला.

श्रोतेहो, आता तुम्ही म्हणाल, मग तो मागच्या रांगेतला माणूस चुकीचं काय बोलला? परकं ते परकंच.

इथं मला मॉरिशसची पुढची गोष्ट सांगायला हवी. कारण गोष्ट डोडोपाशी संपत नाही.

मॉरिशसला एक छोटा ससाणा आहे. जंगलं तुटली, हिवतापाच्या डासांसाठी मारलेलं डीडीटी त्याच्या अंगात भिनलं, माकडांनी आणि मुंगसांनी पिल्लं नेली. १९७४ साली रानात चार ससाणे माहीत होते. चार! गुलाबी कबुतर नावाचा सुंदर पक्षी १९९० च्या सुमाराला रानात दहाच्या घरात उरला होता. एको पोपटाचीही १९८० च्या दशकात तीच गत. सगळ्यांनी आशा सोडली होती. १९७९ साली कार्ल जोन्स नावाचा वेल्समधला एक तरुण तिथं गेला. त्यानं ससाण्यांच्या कड्यावरच्या घरट्यांतून पहिली अंडी काढून यंत्रात उबवली. अंडी गेली की मादी पुन्हा अंडी घालते. अशी एकाची दोन वीण झाली. पिल्लं वाढवून रानात सोडली, त्यांना वरचं खाणं पुरवलं, घरट्यासाठी पेट्या टांगल्या. पोपटांच्या घरट्यांवर पहारा ठेवला, उंदीर-साळुंक्यांचा बंदोबस्त केला. ससाणे पुन्हा शेकड्यांनी झाले. गुलाबी कबुतरंही शेकड्यांत गेली. एको पोपट आज सातशेच्या वर आहेत. जोन्स एकटे नव्हते. त्या बेटाचीच माणसं, कुणाचे पणजोबा आफ्रिकेतून आणलेले, कुणाचे बिहारमधून, कुणाचे तमिळ देशातून, झाडांवर चढून पेट्या तपासत होती.

किनाऱ्याजवळ इल ओ एग्रेत नावाचा २६ हेक्टरचा एक बेटवजा तुकडा आहे. तिथले उंदीर माणसांनी एकूण एक संपवले. मला उंदरांचा जीव घेणं बरं वाटत नाही, खोटं कशाला बोलू? पण उंदीर ठेवायचे की त्या बेटाचे पक्षी, असा प्रश्न आला तर उत्तर टाळणं म्हणजे पक्ष्यांच्या विरुद्ध उत्तर देणं होय. एवढं मला पटलं.

आणि त्याच तुकड्यावर एक वेगळीच गोष्ट झाली. तिथं आबनुसाचं झाड आहे. आबनूस म्हणजे आपल्या तेंदूचा सख्खा भाऊ. ज्याची टेंभरं आपण लहानपणी खाल्ली आणि ज्याच्या पानांवर आपल्या विदर्भातल्या किती घरांची चूल पेटते, त्या तेंदूच्याच कुळातला. मॉरिशसची स्वतःची मोठी कासवं होती. ती हे फळ खायची आणि विष्ठेतून बिया दूर टाकायची. डोडोप्रमाणे ती कासवंही माणसांनी संपवली. मग आबनुसाच्या बिया झाडाखालीच पडून राहू लागल्या. तेव्हा २००० साली शास्त्रज्ञांनी काय करावं? दूरच्या अल्दाब्रा बेटांवरून निराळ्या जातीची मोठी कासवं आणली. म्हणजे परकी! त्यांनी फळं खाल्ली, बिया दूर नेल्या आणि आबनुसाची रोपं पुन्हा नव्या ठिकाणी उगवू लागली.

ऐकलंत? परकी साळुंकी तिथं जड झाली आणि परक्या कासवानं तिथलं जंगल सांधलं. कुठून आला, हा प्रश्न शास्त्रज्ञ पहिला विचारतात, पण शेवटचा तो नसतो. शेवटचा प्रश्न असतो, आल्यावर करतो काय? २०२३ साली जगभरच्या शास्त्रज्ञांनी मिळून एक मोठा अहवाल दिला. माणसानं जगात इकडून तिकडे नेलेले ३७ हजारांहून जास्त जीव नव्या ठिकाणी रुजले आहेत. त्यांतले घातक म्हणावेत असे साडेतीन हजारांच्या वर. म्हणजे ढोबळमानानं दहातला एक. तो एक भयंकर असतो. नामशेष झालेल्या जीवांपैकी साठ टक्क्यांच्या बाबतीत असल्या घातक पाहुण्यांचा हात आहे, असंही तोच अहवाल सांगतो. म्हणून सावध राहायलाच हवं. पण उरलेल्या नऊंनी कुणाचं काही बिघडवल्याचं दिसलेलं नाही.

आपल्याच ताटात पाहा ना. भिवापूरची मिरची, जिच्यावाचून सावजी रस्सा होत नाही, ती मुळात अमेरिका खंडातली. पोर्तुगीजांच्या जहाजांतून आली. बटाटा, टमाटर, पेरू, पपई, सगळे तिकडचेच. ज्याच्या नावानं हे शहर ओळखलं जातं ते संत्रंही मूळचं इथलं नव्हे. शाळेबाहेर आपण पोरं खिसे भरून विलायती चिंचा खायचो, त्यांच्या तर नावातच विलायत आहे. त्याच वेळी अंबाझरीत पसरणारी जलपर्णी दक्षिण अमेरिकेची, नाल्याकाठचं बेशरमही अमेरिकेकडचं. ती पाण्याचा श्वास कोंडतात. त्यांना उपटायलाच हवं. मिरचीला आणि जलपर्णीला एकच शब्द लावून भागत नाही. तो शब्द जपून वापरायला हवा, इतकंच.

आता माणसांचं. साळुंकी ज्या समुद्रावरून गेली, त्याच समुद्रावरून पुढे माणसंही गेली. १८३४ पासून ऊसमळ्यांत राबायला करारबद्ध मजूर मॉरिशसला नेले गेले, साडेचार लाखांच्या आसपास. त्यांत मुंबई बंदरातून गेलेले मराठी मजूरही होते, बरेचसे कोकणातले. त्यांनी दगड उचलले, ऊस तोडला, मार खाल्ला. आणि तिथं गणपती बसवला, जाखडी नाचवली, मुलांना मराठी शिकवलं. आज तिथं गणेश चतुर्थीला सरकारी सुट्टी असते. त्या बेटावर चांगलं म्हणावं असं मूळ जंगल आता दोन टक्क्यांहूनही कमी आहे. ते तोडून ऊस लावण्याचा निर्णय या मजुरांचा नव्हता. मालकांचा होता.

त्या मराठी माणसांना कुणी आज म्हणालं, ‘तुम्ही आणि साळुंकी एकच, बाहेरून आलात आणि वाढलात,’ तर आपल्याला कसं वाटेल? धरमपेठेतल्या कुणालाही राग येईल. मलाही येईल. कारण ही तुलना खोटी आहे. साळुंकी आणि एको पोपट या दोन वेगळ्या जाती आहेत, लाखो वर्षं वेगळ्या वाढलेल्या. माणसाची जगभर जात एकच. जो कोकणात, तोच मॉरिशसला, तोच नागपुरात. शिवाय साळुंकीला कळत नाही की आपण कुणाची ढोली घेतली. माणसाला कळतं. कळल्यावर तो घेतलेली जागा परत देऊ शकतो, पेटी टांगू शकतो, पहारा देऊ शकतो. मॉरिशसच्या माणसांनी ते करून दाखवलंय. तिथं तर मूळचं माणूसच नव्हतं. सगळेच बाहेरून आलेले. आणि तिथले पक्षी वाचवले तेही त्यांनीच.

मला नेहमी विचारतात, ‘तुमचं मराठी इतकं छान कसं? कुठं शिकलात?’ विचारणारे प्रेमानंच विचारतात. मी म्हणतो, ‘अंगणात.’ दोन ओट्यांच्या मधल्या अंगणात.

तर त्या मागच्या रांगेतल्या भावाला माझं उत्तर एवढंच आहे. डोडो गेला ही गोष्ट चेष्टेवारी नेण्यासारखी नाही. ज्या शास्त्रानं इतके पक्षी वाचवले, त्याचे शब्द माणसांना टोचायला उसने घेऊ नका. तसं केलं की शब्दाची धार जाते आणि खरोखरच तळं वाचवायची वेळ येते तेव्हा कुणी ऐकत नाही.

आता टबातल्या कासवाकडे परत येऊ. चहा झाला. मी त्या मुलाला म्हणालो, ‘हे कासव अमेरिकेतलं आहे. आपल्याकडची कासवं पाळायला कायद्यानं बंदी आहे, म्हणून दुकानदार ही विकतात. याचंही नाव त्या शंभरांच्या यादीत आहे. फुटाळ्यात सोडलंस तर तिथल्या कासवांचं खाणं, ऊन खायची जागा हे घेईल. याच्या अंगचा एखादा रोगही त्यांना लागू शकतो.’

मुलगा खूप वेळ कासवाकडे पाहत होता. मग त्यानं मला जे विचारलं त्याला अजून माझ्याकडे पुरतं उत्तर नाही. ‘पण चाचा, यात याची काय चूक?’

म्हटलं, ‘बेटा, याची काहीच चूक नाही. साळुंकीचीही नव्हती. चूक आणणाऱ्याची. म्हणून सांभाळायचं काम आणणाऱ्याच्या घराचं.’

आजी म्हणाली, ‘म्हणजे आता आमच्याच गळ्यात!’ आम्ही तिघंही हसलो.

त्यांच्या गच्चीवर जुनी सिमेंटची टाकी होती. ती साफ केली, मधोमध फरशीचा तुकडा ठेवला, वर जाळी घातली. कासव आता तिथं ऊन खात पडलेलं असतं. अशी कासवं वीस-तीस वर्षं जगतात. मुलगा शिकायला बाहेर जाईल तेव्हा ते आजीकडे राहील, किंवा कदाचित माझ्याकडे येईल.

तुमच्याही घरी असं कासव असेल, मासे असतील, परदेशी पोपट असतील. कंटाळा आला म्हणून, किंवा दया आली म्हणून, ते तळ्यात-रानात सोडू नका. घ्यायच्या आधीच विचार करा, आणि घेतलं असेल तर शेवटपर्यंत सांभाळा. नाहीच जमलं तर वनखात्याला विचारा. फिशटँकमधली वनस्पतीसुद्धा नाल्यात ओतू नका. तळं म्हणजे शहराच्या मधोमधचं बेटच असतं.

आणि उद्या सकाळी साळुंकी ओरडायला लागली की तिच्यावर रागावू नका. इथं ती तिच्या घरीच आहे. अम्मी आता नाही, काकूही नाहीत. भाताची शितं मी टाकतो, पोळीचे तुकडे काकूंची सून टाकते. ती अजूनही दोन्ही ओट्यांवर येते.